मुलुंडच्या खाचरातली काळी माती

राजेहो, मुंबईला जाऊन मी समुद्र न पाहता परत आलो. पाहिली ती नुसती माती. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मी पुण्याला शेतीच्या कॉलेजात शिकत होतो. जंगल, शेत आणि कारखान्याची जागा, यांतली कोणती माती किती कर्ब (पानं-मुळं कुजून मातीत मुरतो तो अंश) धरून ठेवते, हा माझा विषय. आदल्या वर्षी मुलुंडच्या भातशेताचा आकडा जंगलाच्याही वर गेला, तेव्हा सर म्हणाले होते, "तुझा हात कच्चा आहे. पुन्हा असंच आलं तर विषय सोड." वर्षभर मी स्वतःला आणि तराजूला शिव्या घातल्या.

बोरिवलीच्या जंगलात जीव सुखावला. वीतभर पाचोळा बाजूला सारला, तर खाली भुसभुशीत, गार माती. पिशवी भरायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

अंधेरीत सगळं उलट. कारखान्यांच्या वसाहतीतल्या मोकळ्या जागेवर मुरूम टाकून रूळ फिरवलेला. पहारेकरी सांगत होता की इथे पूर्वी भाजीचे मळे होते. मला ते खरंच वाटेना. तासाभरात पिवळट भुकटी निघाली थोडी, आणि हाताला फोड आला तो वेगळाच.

मुलुंडला पोचेस्तोवर उन्हं कलली. भात कापून झालं होतं. गेल्या वर्षीचाच कोपरा मी हौसेनं हुडकला, कारण तिथली माती सगळ्यात काळी. मी पडलो वऱ्हाडातला. काळी तीच खरी माती, एवढंच आम्हाला ठाऊक. पिशवी भरत होतो, तोच बांधावरून शेताच्या मालकीण आजी आल्या.

"पोरा, राबाची माती कशाला नेतोस?"

राब म्हणजे काय, हे मला कुठे माहीत! त्यांनीच समजावलं. उन्हाळ्यात एका तुकड्यावर शेण, पाला, फांद्या पसरून जाळायच्या आणि पाऊस लागला की तिथेच भाताचं रोप करायचं. दरसाल तोच कोपरा. कोळसा तर कर्बच, म्हणजे शेत म्हणून मी राबाचा कोळसा मोजला होता! मी मटकन बांधावर बसलो. वर्ष फुकट गेलं होतं, तरी मला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. माझा हात कच्चा नव्हता तर!

आजींना वाटलं, पोराला ऊन लागलं. घरी नेऊन त्यांनी तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) खाऊ घातली. मग खाचराच्या मधोमध उभ्या राहून म्हणाल्या, "इथं खण."

पुण्याला आकडे शहाण्यासारखे आले. जंगल वर, भातशेत मधे, अंधेरी पार तळाला. सरांनी वही दोनदा चाळली आणि चौथ्या पिशवीकडे बोट केलं. ती राबाची, मी मुद्दाम आणली होती. तिचा आकडा अगदी गेल्या वर्षीसारखाच. सर देशावरचे, राब त्यांनीही पाहिलेला नव्हता. माझं सगळं ऐकून त्यांनी वही मिटली.

"म्हणजे गेल्या वर्षी तू बरोबरच मोजलं होतंस," ते म्हणाले. "मी एकदा तरी विचारायला हवं होतं, कुठे खणलंस म्हणून."

मी बाहेर आलो आणि घरी कार्ड टाकलं, विषय सोडत नाही. आता कुठल्याही गावी गेलो तरी कुदळ पिशवीतच ठेवतो आणि आधी बांधावर कोणी दिसतंय का बघतो.