इशारा देणारीच संशयित

भिलाईजवळच्या रसमड्याच्या पोलाद कारखान्याची ती तक्रार मी विसरलेलो नाही, कारण तीत गुन्हाच नव्हता.

मी तेव्हा ठाणेदार होतो. व्यवस्थापकाचा फोन आला, "साहब, हमारी इंजिनियर ने सर्वर गिरा दिया. गिरफ्तार कीजिए."

कारखान्यातल्या प्रत्येक संगणकाला डिजिटल ओळखपत्र असतं. ही ओळखपत्रं तपासणारं नवं सॉफ्टवेअर अडकलं की संगणक एकमेकांना ओळखत नाहीत. भट्टीपासून गेटपर्यंत सगळं थांबतं. "तपासणीच्या खूप विनंत्या एकदम आल्या तर हे कोणीही बंद पाडेल," असं या इंजिनियर मुलीनं भर बैठकीत सांगितलं होतं. व्यवस्थापकानं तीच धमकी मानली.

तिला ठाण्यात बोलावून महिला हवालदारासमोर चौकशी सुरू केली. मुलगी भिलाईची, घरची बोली आमचीच.

"खरं सांग बाई, कावून केलं?"

"आग लागन म्हणून सांगणाराच आग लावते का, साहेब?"

तिनं नजर चुकवली नाही. अपराधी आधी स्वतःची सुटका शोधतो. ही भट्टीवरच्या माणसांबद्दल विचारत होती. तेवढ्यात व्यवस्थापकाचा पुन्हा फोन, "साहब, फिर गिर गया!"

"आता बोला. मी त तुमच्यासमोर चहा पिऊन राहिली," ती म्हणाली. मग घड्याळाकडे बघून, "शिफ्ट बदलली न आता!"

तिला घेऊन रसमडा गाठलं. पोलादाच्या कामात आधीच्या शिफ्टच्या तोंडी 'ओके'वर कोणी कामाचा चार्ज घेत नाही. ठाण्यात ड्युटी बदलताना आम्हीही शस्त्रं मोजूनच घेतो. इथे प्रत्येक विभागाचा नवा ऑपरेटर आल्याआल्या, सगळे संगणक एकमेकांना ओळखतात ना हे बघायला, तपासणीचं बटण दाबत होता. उत्तराला उशीर झाला की पुन्हा पुन्हा. सॉफ्टवेअर त्या विनंत्यांच्या ढिगाखाली गुदमरत होतं.

"किसने दबाया?" व्यवस्थापक ओरडला.

एक ऑपरेटर पुढे आला. "मी दाबलं. सारेच दाबतेत. पाहल्याबिगर चार्ज घेतला अन् कोणी मेलं त?"

नोकरीची पर्वा न करता तो बोलला, म्हणून एका निरपराध मुलीच्या हातात बेड्या पडल्या नाहीत. तक्रार तिथेच मागे घेतली गेली. धोका दाखवणाऱ्यालाच आरोपी करणं हा भेकडपणा आहे, आणि तो खुर्चीत बसणारेच करतात. 'कोणी केलं?' याआधी 'गुन्हा घडला का?' हे विचारायला मला त्या दोघांनी शिकवलं. त्यांचे उपकार मी मानतो.

"चल, गाडीनं घरी सोडतो," मी तिला म्हणालो.

"नाही साहेब. पुढची शिफ्ट यायच्या आत हे दुरुस्त करू द्या."