जळजळ थांबल्यावर

दादाला अमडापूरहून दवाखान्यात नेलं ते पोटासाठी, आणि तो गेला हृदयाने. पुतण्याचा फोन आला तशी मी शाळेतून निघाले, डबासुद्धा तिथेच राहिला... त्याला आता महिना उलटला. राग काही उतरत नाही.

माझा हा थोरला भाऊ कपाशी पिकवायचा. बीटीची पहिली काही वर्षं बरी गेली, मग गुलाबी बोंडअळीने बोंडं आतून पोखरायला घेतली आणि कृषी केंद्रावर झुंबड उडाली. दुकानदार देईल ते औषध लोक पंपात ओतत. दादा मात्र आधी शेतात जाऊन बोंडं फोडून बघायचा. अळी नसेल तर फवारणी नाही! दुकानदार चिडायचा, "घ्या म्हटलं का घ्या ना, भाऊ!" दादा हसून रिकाम्या हाताने परतायचा. या हट्टापायी त्याचे पैसे वाचले आणि आम्हीही त्याचं कौतुक करत राहिलो.

मग त्याला हृदयविकाराचा झटका आला. स्टेंट बसवला, रक्त पातळ करणारी गोळी कायमची मागे लागली. पोटात जळजळ होतीच. दुर्बीण घालून पाहिलं तर जठरात जखम, आणि जंतू. ते मारायला गोळ्यांचा कोर्स मिळाला. दादाने माझ्यासमोर विचारलं, "साहेब, जंतू मेला हे मले कसं समजन?" डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "घ्या म्हटलं की घ्या."

ही भाषा दादा चांगली ओळखून होता. चार-पाच दिवसांत जळजळ थांबली, तशा त्याने गोळ्याही थांबवल्या. मी फोनवर भांडले. तो म्हणाला, "अळीच नाही, त फवारा काऊन मारू वं, सुमे?"

जंतू होताच. जखमेतून रक्त वाहू लागलं, ते थांबावं म्हणून पातळ करणारी गोळी बंद करावी लागली, आणि स्टेंटमध्ये गुठळी झाली. दादा हट्टी होता, असं आता नातेवाईक म्हणतात. हट्टी? अरे, त्याने विचारलं होतं!

परवा गेले तर वहिनी, दादा जेवायला बसायचा त्या जागी बसून, गोळी घेत होत्या. त्यांच्याही पोटात तोच जंतू निघालाय.

"जळजळ थांबली का?" मी विचारलं.

"कवाचीच थांबली. पण डॉक्टर म्हणे, जळजळ थांबली तरी जंतू लपून राह्यते. कोर्स पुरा कराच लागते."

"कोणते डॉक्टर?"

"तेच. यायले पाहत होते ते." वहिनींनी गोळी गिळली, पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "या खेपी न इचारताच सांगतलं त्यायनं."