आत्याच्या वहीतलं टक्कल

चष्मा केसांत खोचून घरभर चष्मा शोधणे. चहा पार थंड करून पिणे. साहेबांना ‘अहो’ आणि यंत्रांना ‘मेल्या’ म्हणणे. काचनळीवर कागदाची चिठ्ठी चिकटवून पेन्सिलीनेच नंबर घालणे, आणि मार्कर दिसला की नाक मुरडणे.

प्रयोगशाळेत सगळे तिला आत्या म्हणत. अहवालांची भाषा सुधारायला साहित्य शिकलेली एक पोरगी आली, तिची आत्याशी पहिल्याच आठवड्यात गट्टी जमली. आत्या तीस वर्षं मऊ प्रवाळ स्पिरिटात भिजवत होती, गाळत होती, अर्काचे भाग वेगळे करत होती.

“दगडी प्रवाळाला घर तरी असतं,” ती सांगायची. “याला ना कवच, ना पाय. पळणार कुठे? म्हणून अंगातच विष बाळगतं. आमच्या थोरल्या जाऊबाईच.”

त्या विषाचा एक भाग काचेच्या ताटलीत कर्करोगाच्या पेशी वाढू देत नव्हता. माणसाला उपयोगी पडेल का, देव जाणे. पण अर्क तेवढाच होता. प्रवाळ पुन्हा काढायची परवानगी संपली होती.

आणि साहेबांनी घोळ घातला. अर्काच्या भागांच्या चाळीस नळ्यांवर ऐटीत मार्करने नंबर घातले. स्पिरिट सांडलं, नंबर धुऊन गेले.

“अहो, एवढं शिकलात,” आत्या म्हणाली, “पेन्सिल तेवढी राहिली.”

तिने वही काढली. अर्काचा थेंब पातळ पट्टीवर चढवला की डाग उमटतात. प्रत्येक भागाचे डाग तिने चितारून ठेवले होते. चित्रं यथातथाच, म्हणून बाजूला नावं: भोपळा, बेडूक, जाऊबाईंचं नाक. हव्या असलेल्या भागापुढे लिहिलं होतं: साहेबांचं टक्कल, डावीकडून.

शुक्रवारपर्यंत तेवीस नळ्या ओळखून झाल्या. टक्कल सापडलं नव्हतं.

रविवारी दुपारी भाजी चिरता चिरता आत्या गेली.

सोमवारी साहेबांनी उरलेल्या सतरा नळ्यांच्या पट्ट्या मांडल्या. वहीतलं ते नाव वाचलं. मग पोरीकडे डावी बाजू केली.

“बघ बरं. कुठली?”

“थोडं खाली वाका.”

तिने टक्कल पाहिलं, पट्ट्या पाहिल्या. तीन तरी तशाच दिसत होत्या. हसू काही आलं नाही.

चोविसाव्या नळीवर आत्याने शुक्रवारीच चिठ्ठी चिकटवून ठेवली होती. कोरी. शेजारी पेन्सिल होती, टोक काढलेली.