ओळीआधीची मोकळी जागा

कंपनीच्या सर्व्हरवर कोणी कोणती कमांड टाइप केली, ते तो प्रत्येकाच्या हिस्टरीत, म्हणजे नोंदीत, साठवून ठेवतो. माझ्या हिस्टरीत जवळजवळ काहीच नव्हतं. माझं प्रोबेशन संपत आलं होतं, आणि मला कायम करायचं की नाही हे आमचे टीम लीड त्यावरून ठरवणार होते.

"मॅडम, आपण हिंजवडीला कामासाठी येता, की कंपनीची बस आवडते म्हणून?" त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. मागे कोणीतरी हसलं. मी "बघते" एवढंच म्हणाले.

सगळ्यांना लागू होणाऱ्या सेटिंगची फाइल उघडली. किती ओळी साठवायच्या, ती मर्यादा भरपूर होती. परवानग्याही ठीक होत्या. बाकीच्यांच्या कमांड व्यवस्थित उमटत होत्या. माझ्या हिस्टरीत फक्त दुसऱ्यांच्या मेलमधून उचलून पेस्ट केलेल्या ओळी होत्या; माझ्या हाताने टाइप केलेली एकही नाही. कोणाला तरी विचारावं म्हणून मान वर केली, तर सगळे जेवायला खाली गेले होते. मला हाक मारायचं त्यांच्या लक्षातही येत नसावं.

डबा खाता खाता तीच फाइल पुन्हा वाचली. त्यात एक शब्द होता, इग्नोअरस्पेस. ओळीची सुरुवात मोकळ्या जागेने झाली, तर ती साठवायची नाही.

टाइप करून पाहिलं. अंगठा आपोआप आधी स्पेसबारवर गेला.

शाळेत मराठीच्या बाई म्हणायच्या, "आधी बोटभर जागा सोडा, मग लिहा. इंग्लिश मीडियमवाल्यांचं मराठी निदान दिसायला तरी बरं असू दे." व्याकरण कच्चंच राहिलं. बोटभर जागा मात्र अंगवळणी पडली.

लीडना सांगितलं. त्यांनी ती फाइल स्वतः उघडून पाहिली.

"सेटिंगला हात लावू नकोस. पासवर्ड असलेली ओळ लपवायला ती लागते. तूच जागा सोडणं बंद कर."

दुसऱ्या दिवशी प्रत्येक ओळ मी अगदी कडेपासून सुरू केली. उघड्यावर बसल्यासारखं वाटत होतं. संध्याकाळी लीड मागून डोकावले.

"दिसलात एकदाच्या! कायम केल्याचा मेल टाकतो."

ही बातमी आधी कोणाला सांगावी, ते सुचेना. बसमध्ये मी नेहमी शेजारच्या सीटवर बॅग ठेवते. त्या दिवशी ती मांडीवर घेतली. माझा धायरीचा स्टॉप येईपर्यंत शेजारी कोणी बसलं नाही.