तेलाची उतरंड

लग्न होऊन मी तंजावरहून कुंभकोणमला आले तेव्हा आमच्या तेलाच्या दुकानाच्या मधोमध नवी भिंत उभी राहिली होती. मामंजींची आणि त्यांच्या धाकट्या भावाची वाटणी झाली होती. भांडण नव्हतं, भिंत बांधून झाल्यावर दोघांनी तिच्या दोन्ही अंगांना उभं राहून एकमेकांना हाका मारून पाहिल्या आणि ऐकू येतंय म्हणून दोघंही खूश झाले. पण दुकान अर्धं झालं ते झालंच. तिळाचं, शेंगदाण्याचं आणि खोबऱ्याचं अशी तेलाची तीन मोठी पिंपं जमिनीवर मांडली की गिऱ्हाइकाला आत पाय ठेवायला जागा उरत नसे. गिऱ्हाईक पायरीवर, मामंजी पिंपावर ओणवे, आणि माझे यजमान पिंपांच्या मागे अडकलेले, असं आमचं दुकान चालायचं.

सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घर दुकानाच्या मागेच होतं. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहिलं की दुकानातलं सगळं दिसे. मामंजी दिवसातून शंभरदा तरी वाकून पळीने तेल काढत आणि दर वेळी कंबर धरून सरळ होत. तेल ठिबकून जमीन निसरडी व्हायची. एके दिवशी तिथेच त्यांचा पाय सरकला. हाड मोडलं नाही, पण पाय चांगलाच मुरगळला आणि पंधरा दिवस त्यांना झोपाळ्यावर बसून राहावं लागलं. दुकानात बसायची सवय असलेला माणूस झोपाळ्यावर बसला की घरातल्यांचे काय हाल होतात, ते मी तेव्हा पाहिलं. आमटीत मीठ किती, इथपासून ते मला शिकवू लागले.

मला चित्रं काढता येत. माझे वडील शाळेत चित्रकला शिकवायचे, आणि नुसती फुलं-पानं नव्हेत, तर पेटी, खुर्ची, पाण्याची टाकी, काहीही समोरून, बाजूने आणि वरून कसं दिसेल ते मोजमापाने काढायला त्यांनी मला शिकवलं होतं. मामंजींचा पाय बरा होईपर्यंत मी मनाशी ठरवलं होतं की पिंपं जमिनीवर पसरायची नाहीत, एकावर एक चढवायची. आणि वाकायचंही नाही. रॉकेलच्या दुकानात दट्ट्याचा हातपंप असतो तसा प्रत्येक टाकीच्या पोटातच पंप बसवायचा.

यजमानांना सांगितलं तर ते हसले. "उतरंडीतल्या खालच्या मडक्यातलं काढायला वरची मडकी उतरावी लागतात. तेलाने भरलेली टाकी कोण उतरवणार? मी?"

प्रश्न बरोबर होता. दोन दिवस मी त्यावर डोकं खाजवलं. तिसऱ्या दिवशी माळ्यावरून नवरात्रात बाहुल्या मांडायच्या लाकडी पायऱ्या झटकायला काढल्या आणि पायरी हातात धरूनच थांबले. खालची टाकी पुढून मागे सर्वांत रुंद करायची, मधली तिच्यापेक्षा कमी, वरची त्याहून कमी. तिन्हींच्या पाठी भिंतीला टेकवायच्या. म्हणजे प्रत्येक टाकीचा पुढचा भाग पायरीसारखा उघडा राहतो. त्या पायरीवर भरायचं तोंड आणि तिथेच पंप! वरची टाकी हलवायचं कारणच नाही.

कागदावर काढलेलं मामंजींना पटलं नसतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सडा घातल्यावर मी नेहमीची रांगोळी न काढता अंगणात तिन्ही टाक्याच काढल्या. खऱ्या मापाच्या, बाजूने दिसतात तशा, ठिपके मोजून. मामंजी काठी टेकत बाहेर आले.

"हें काय मांडलंस गे?" त्यांनी विचारलं. आमच्या घरातलं मराठी जुनं. तीनशे वर्षांपूर्वी आमच्या पूर्वजांनी महाराष्ट्रातून जे बरोबर आणलं ते मामंजींनी फारसं बदललं नव्हतं.

"आपलं दुकान," मी म्हटलं आणि सगळं समजावलं. त्यांनी रांगोळीभोवती एक फेरी मारली. मग खालच्या टाकीच्या पुढे उभे राहिले आणि पंपाचा दांडा धरल्यासारखा हात वर-खाली केला. न वाकता.

"होणार नाही," ते म्हणाले. पण तिथून हलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "तांबटाला बोलाव. होणार नाही हें त्याच्याच तोंडून ऐक."

आमच्या तांबटाला सगळे आसारी म्हणत. पितळेच्या कामात त्याचा हात धरणारा आमच्या पेठेत कोणी नव्हता. तो तमिळच बोले. तो आला, उकिडवा बसला आणि बोटाने माझी रांगोळी पुसून दुरुस्त करू लागला. "अम्मा, खालच्या टाकीच्या माथ्यावर कड उचलून घेऊ. वरचीचं बूड त्या कडेत बसेल. नाहीतर गिऱ्हाइकाचा धक्का लागून एक दिवस तेलाचा पूर येईल." मग मामंजींकडे वळून म्हणाला, "होईल, साहेब."

मामंजींनी त्याच्यासाठी कॉफी करायला मला स्वतःच सांगितलं.

काम दोन महिने चाललं. टाक्या पितळेच्या, आतून कल्हई केलेल्या. मला आसारीच्या कारखान्यात जाता येत नसे, म्हणून यजमान रोज दुपारी एक तुकडा घरी घेऊन येत. आज झडप, उद्या दट्ट्याचं चामडं. मी ते पाटावर ठेवून बघे, माप लिहून देई आणि तुकडा परत जाई. माझ्या स्वयंपाकघरात फोडणीच्या डब्याशेजारी पंपाचा दांडा पडलेला असे.

टाक्या दुकानात चढल्या त्या दिवशी अर्धी पेठ गोळा झाली. भिंतीपलीकडून चुलत सासरेही आले. खालची टाकी भरली, झाकणं आवळली आणि यजमानांनी दांडा खाली दाबला. तोटीतून तिळाच्या तेलाची सोनेरी धार मापात पडली. लोक ओरडले. दुसरा दाब, तिसरा दाब. चौथ्याला दांडा जड झाला आणि पाचव्याला तर वर येईना. तेल बंद. आसारीने चामडं काढून पाहिलं, झडप धुतली, पुन्हा बसवली. पुन्हा तीन धारा आणि बंद. मी दारामागे उभी होते. लोक हळूहळू पांगायला लागले.

तेवढ्यात मामंजी जे हसायला लागले ते थांबेचनात. गर्दीतून वाट काढत ते टाकीपाशी आले.

"अरे, गेली चाळीस वर्षं मी तेलाचे डबे फोडतो आहे! डब्याला एक भोक पाडलं तर तेल येतें काय? दुसरं कोणी पाडायचं? आंत वारा कोठून जाणार?"

आसारीने कपाळावर हात मारला. त्याने झाकणं इतकी चपखल बसवली होती की टाकीत हवा शिरायला सुईएवढीही वाट नव्हती. आणि रोज डब्यांना दोन-दोन भोकं पाडणाऱ्या घरात कोणालाच ते सुचलं नव्हतं, मला तर नव्हतंच. मामंजींनी डबे फोडायचा खिळा आणि हातोडी मागवली, झाकण काढलं आणि स्वतःच्या हाताने त्याला भोक पाडलं. मग झाकण परत बसवून दांडा धरला. धार सुरू झाली ती माप भरून वाहून गेलं तरी ते थांबेनात.

त्या दिवसापासून टाक्या आमच्या दोघांच्या झाल्या. कोणी विचारलं तर ते म्हणत, "नकाशा सुनेचा, भोक माझं."

मार्गळी महिन्यात, मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास, मात्र फजिती झाली. आमच्याकडे थंडी ती कसली, पण मार्गळीतल्या पहाटवाऱ्याने खोबरेल थिजतं. त्याच महिन्यात बायका लवकर उठून न्हातात आणि डोक्याला लावायला तेल संपलेलं असतं. खोबरेलाच्या वरच्या टाकीचा दांडा हलेना. पायरीवर वाट्या घेऊन सहा-सात जणी उभ्या. यजमान वरचं तोंड उघडून चमच्याने तेल खरवडत होते आणि त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी पटकन कॉफीसाठी ठेवलेलं उकळतं पाणी तांब्यात घेऊन दुकानात आले, तांब्याचं तोंड फडक्याने घट्ट बांधलं आणि तो तांब्या टाकीच्या तोंडातून पंपाच्या नळीला लागून आत सोडला. थोड्या वेळाने दांडा हलला. दुकानात मी पहिल्यांदाच सगळ्यांसमोर आले होते, हे मला नंतर आठवलं. मामंजींनाही नंतरच आठवलं असावं, कारण तेव्हा ते पायरीवरच्या वाट्या गोळा करण्यात गुंतले होते.

पुढे आसारीने पंपाशेजारी बुडाशी बंद असलेली आणखी एक नळी बसवून दिली. मार्गळीत सकाळी तीत कढत पाणी ओतायचं, की तेल पातळ. आमच्याकडे मग सकाळी दोन आधणं ठेवली जात, एक कॉफीचं आणि एक टाकीचं.

वर्षभराने तिरुविडैमरुदूरचे एक वैद्य दुकानात आले. त्यांच्याकडे औषधी तेलांच्या बुधल्याच बुधल्या होत्या आणि ओसरीवर ठेवायला जागा नव्हती. टाक्या सगळ्या बाजूंनी पाहून त्यांनी विचारलं, "हे करणारे इंजिनियर कुठे भेटतील?"

"इंजिनियर आंत तांदूळ निवडताहेत," मामंजी म्हणाले आणि आत वळून मोठ्याने हाक मारली, "ये गे बाहेर!"

मी पदराला हात पुसत बाहेर गेले. वैद्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मामंजींकडे, आणि मग सरळ कामाचं बोलायला सुरुवात केली. पाच तेलं, लहान टाक्या, आणि एका तेलाचा वास दुसऱ्याला लागता कामा नये. मी म्हटलं, जागा पाहिल्याशिवाय माप सांगता येणार नाही. मामंजींनी मान डोलावली.

मी, यजमान आणि मामंजी दोनदा रेल्वेने तिकडे गेलो. एकदा माप घ्यायला आणि दुसऱ्यांदा आसारीला बरोबर घेऊन टाक्या बसवायला. या वेळी झाकणाची भोकं मी नकाशातच दाखवली होती. पाचही पंप पहिल्या दाबापासून न अडता चालले. वैद्यांच्या वृद्ध आईला तर तो दांडा इतका आवडला की सोडवेना. एक, दोन, तीन वाट्या भरल्या. आता एवढं तेल काढलंच आहे तर वाया का घालवायचं, म्हणून त्यांनी मला पाटावर बसवलं, माझा अंबाडा सोडला आणि सगळं तेल माझ्या डोक्यावर जिरवलं. मी नको नको म्हणत राहिले आणि यजमान खांबाआड तोंड लपवून हसत राहिले.

परतीच्या गाडीत डबा गच्च भरला होता. पण माझ्या केसांतून गुळवेलीचा, कोरफडीचा आणि आणखी कसकसला असा काही दर्प येत होता की आमच्या बाकावरचे तिघे प्रवासी उठून दाराशी जाऊन उभे राहिले. मामंजी ऐसपैस पाय पसरून बसले. आसारी माझ्याशेजारी जागा मिळाल्यावर म्हणाला, "अम्मा, गर्दीच्या दिवशी असंच तेल लावून येत चला," आणि कुंभकोणम येईपर्यंत आम्ही चौघं हसत होतो.