लिफ्टपर्यंत

परदेशात लेकीकडे पहिल्यांदाच आले होते. तिने फ्रिजवर सूचनांचा कागद चिकटवला होता: पासपोर्ट जपून ठेव, नळाचं पाणी चालतं, दार आपोआप लॉक होतं. सगळं पाठ होतं. तरी सकाळी ती ऑफिसला निघाली, तशी सवयीने मी तिला पोचवायला लिफ्टपर्यंत गेले. "सावकाश जा गं," म्हटलं. लिफ्ट खाली गेली आणि मागे दार खट्कन लागलं. किल्ली आत, फोन आत, मी गाऊनवर, अनवाणी.

कॉरिडॉरमध्ये सगळी बंद दारं. एकाही दाराबाहेर चप्पल नाही. कुणाचं दार वाजवायचं, आणि सांगायचं तरी काय? भिंतीला टेकून बसून राहिले.

मी फोन उचलेना म्हणून दुपारी लेक धावत आली आणि उखडलीच. "आई, लिहून ठेवलं होतं ना!"

"होतं. पण मला पोचवायला येऊ नकोस, असं कुठे लिहिलं होतंस?"

सहा वर्षं ती या दारातून एकटीच निघते. मागे कुणी उभं नसतं.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनो, किल्ली बांगडीतल्या सेफ्टी पिनेला अडकवा. दुसऱ्या सकाळी मी तशी किल्ली अडकवून लिफ्टपर्यंत गेले. लिफ्ट आली, उघडली. लेक आत शिरेना.