नॅटचा हिरवा रंग

मंडळी, आज दसऱ्याच्या पूजेत गाडीच्या किल्ल्या आणि विळ्या-कोयत्यांच्या शेजारी मी बांधलेले नॅट या लढाऊ विमानाचे वीतभर मॉडेल होते.

माझे बाबा एकाहत्तरच्या युद्धात हवाई दलात होते. चंदेरी विमाने शत्रूला दिसू नयेत म्हणून त्यांच्यावर घाईने हिरवा रंग चढवणाऱ्यांत तेही होते. मला मिळालेली छायाचित्रे कृष्णधवल आहेत. तो नेमका हिरवा आमच्या चिखलीत केवळ बाबांनी पाहिलेला. डबीतला तयार रंग फासून समाधान मानणाऱ्या हौशी लोकांची मला कीव येते. मी थर खरवडत राहिले, पुन्हा मिसळत राहिले. अपुरे काम बाबांना दाखवणे मला मान्य नव्हते. दरम्यान त्यांचा काचबिंदू वाढत होता.

आज विचारले, "बाबा, हाच होता का रंग?"

त्यांनी मॉडेल खिडकीशी नेऊन डोळ्यांजवळ धरले. "मले आता सारं राखेसारखंच दिसते वं बाई. कोणता लावला तू?"

"हिरवा."

"मंग बरोबर आहे. कुंकू लावलं का याले?"

आणि त्यांनीच चाचपडत बोट टेकवले. ते विमानाच्या नाकाऐवजी पंखावर उमटले. मॅट रंगावरून कुंकू निघत नाही, आणि नवा थर देण्यात आता अर्थ उरलेला नाही.

तुमच्यापैकी कोणी तो हिरवा स्वतः पाहिला आहे का? उत्तर येणार नाही, हे ठाऊक असूनही विचारते आहे.